ज्योतीचा डोंगरटप्पा आणि फिरती हवा



शिवजयंती जवळ आली की महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत तरुण मंडळींची लगबग सुरू होते. कोणी शिवनेरीला जातात, कोणी रायगडाला, कोणी पन्हाळ्याला, तर कोणी सिंहगडाला. गडावर मशाल पेटवायची आणि ती हातोहात आपल्या गावी आणायची, अशी ही शिवज्योतीची प्रथा. एवढी लांबची वाट एकट्याने धावून होत नाही. म्हणून दहा-वीस गडी ती आपसांत वाटून घेतात. एकाचा टप्पा संपला की दुसऱ्याने ज्योत हाती घ्यायची, दुसरा दमला की तिसऱ्याने. शाळेच्या मैदानावर मुले दांडी घेऊन रिले धावतात ना, तोच हा खेळ. फक्त दांडीच्या जागी मशाल आणि मैदानाच्या जागी मुलूख.

या दौडीचा पहिला टप्पा मात्र बाकीच्यांहून वेगळा असतो. तो गडावर चढून जाण्याचा आणि ज्योत घेऊन खाली उतरण्याचा. तेथे धावता येत नाही, पाय जपून टाकावा लागतो. सगळ्या दौडीत अंतराने हा टप्पा सर्वांत लहान, म्हणून त्याचा विचारही सर्वांत कमी होतो. कोणी कुठे धावायचे, टेम्पो कुठे उभा करायचा, गुलाल किती आणायचा, याची चर्चा चार-चार रात्री चालते. पण "वर कोण जाणार?" या प्रश्नाला उत्तर मिळते, "जातील दोन पोट्टे." एवढ्यावर विषय संपतो. आज मी त्या दोन पोट्ट्यांविषयी बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, आपला भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा; येथे डोंगर ते कुठले? खरे आहे. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा नवेगाव-नागझिऱ्याचे रान तिकडे गेले. तरी तुमसर तालुक्यात अंबागडच्या डोंगररांगा आपल्याकडे आहेतच. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या कारकिर्दीत, साधारण १७०० च्या सुमारास, त्याचा अधिकारी राजखान पठाण याने अंबागडचा किल्ला बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या काळात त्याचा उपयोग कैदी ठेवण्यासाठी झाला. त्याच मुलखात गायमुख आहे. महाशिवरात्रीला तेथे भाविकांची रीघ लागते. हे डोंगर सह्याद्रीएवढे उंच नाहीत, हे कबूल. पण विजेला उंचीचे मोठे आकडे लागत नाहीत. सभोवार सपाट शेते आणि मध्ये एक उघडी टेकडी, एवढे तिला पुरते. तेव्हा उद्या आपल्या गावच्या पोरांनी अंबागडावरून किंवा जवळच्या एखाद्या टेकडीवरून ज्योत आणायचे ठरवले, तर काय काय ध्यानात धरावे, ते पाहू.

आधी हवेचे बोलू. शासकीय शिवजयंती १९ फेब्रुवारीला येते, आणि तिथीने म्हणाल तर फाल्गुन वद्य तृतीयेला, म्हणजे बहुधा मार्च महिन्यात. आपल्याकडे हे दिवस मोठे फसवे. सकाळी आभाळ स्वच्छ असते, दुपारी ऊन चटके देते, आणि चार वाजता पश्चिमेकडून काळा ढग वर येतो. असे का होते? या दिवसांत वायव्येकडून येणारी कोरडी हवा आणि बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा यांची गाठ अनेकदा विदर्भ-छत्तीसगडच्या मुलखावर पडते. खाली जमीन तापलेली, वर गार हवा. दमट हवा वर उसळते आणि तासा-दोन तासांत कोबीच्या गड्ड्यासारखा फुगलेला उंच ढग तयार होतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेली गारपीट शेतकरी विसरलेले नाहीत. २०१८ च्या फेब्रुवारीत, ऐन महाशिवरात्रीच्या सुमारास, विदर्भ-मराठवाड्यात पुन्हा गारा पडल्या. अवकाळी म्हणून आपण कपाळाला हात लावतो खरे. पण हा अवकाळ आपल्या अंगणात बऱ्याचदा येतो, आणि नेमका ज्योतीच्या दिवसांत येतो.

अशा ढगाची एक खूण आहे. त्याच्या पोटातून पाऊस आणि गारा खाली येऊ लागल्या की भोवतालची हवा गार आणि जड होते. ती जड हवा जमिनीवर येऊन आदळते आणि चोहोकडे पसरते. म्हणून पाऊस येण्यापूर्वी एकाएकी गार वाऱ्याचा झोत अंगावर येतो. घाम निघत असताना अचानक गार वारा लागला की आपण म्हणतो, "वा! बरे वाटले." डोंगरावर मात्र तो झोत म्हणजे निरोप समजावा. आपल्या हाती उरलेला वेळ आता मिनिटांत मोजायचा आहे, असा त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट थंडीची. विदर्भात थंडीने माणूस आजारी पडेल, तोही होळीच्या तोंडावर, हे कोणाला पटत नाही. पण अंगातले कपडे भिजले, वर वारा सुटला आणि पोट रिकामे असले, तर शरीराची ऊब झपाट्याने जाते. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. चीनमध्ये, गान्सू प्रांतातील बायिन शहराजवळ, २२ मे २०२१ रोजी शंभर किलोमीटरची डोंगरदौड झाली. १७२ जण निघाले. सकाळी ऊन होते. दुपारी उंच भागात गारा, गारठलेला पाऊस आणि जोराचा वारा सुरू झाला. बहुतेकांच्या अंगात आखूड बाह्यांचे सदरे आणि अर्ध्या चड्ड्या होत्या. वाऱ्याला अडवणारा अंगरखा जवळ ठेवलाच पाहिजे, असा नियम नव्हता. घात झाला तो दुसऱ्या आणि तिसऱ्या ठाण्याच्या मधल्या चढावर, जेथे गाडी जात नव्हती. एकंदर २१ माणसे दगावली, आणि त्यांत त्या देशातले नावाजलेले धावपटूही होते. एका मेंढपाळाने गुहेचा आसरा घेतला होता. त्याने सहा जणांना आत आणले, शेकोटी पेटवली, पांघरुणे दिली, आणि ते सहाही जण वाचले. पायांत बळ असणे वेगळे आणि डोंगरावर जपून राहणे वेगळे, हे त्या दिवशी जगाला कळले.

थंडी बाधू लागल्याची लक्षणे शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावीत. आधी हुडहुडी भरते. मग बोटांना सदऱ्याचे बटण लागत नाही. मग बोलणे अडखळते आणि पाय ठेचाळतात. गडी उगीच चिडचिड करू लागला किंवा गप्प झाला तर त्याला आडोशाला बसवावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, पांघरूण द्यावे, शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा पाजावा. दारू देऊ नये; तिने ऊब आल्यासारखी वाटते, पण अंगातली ऊब उलट लवकर जाते. हातपाय जोराने चोळूही नयेत.

तिसरी गोष्ट विजेची, आणि आपल्या भागात हीच सर्वांत मोठी. भारतात वीज पडून दरवर्षी २००० हून अधिक माणसे मरतात. त्यांत शेतात काम करणारे आणि झाडाखाली उभे राहिलेले पुष्कळ असतात. वीज किती दूर आहे हे समजण्याचा हिशेब सोपा आहे. उजेड लगेच दिसतो. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. लकाकी दिसली की एक, दोन, तीन असे सेकंद मोजावेत आणि गडगडाट ऐकू आला की आकड्याला तिनाने भागावे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची आपल्यावर पडू शकते. त्या घटकेला उघडा माथा सोडावा. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास जाईपर्यंत परत उघड्यावर येऊ नये.

जावे कुठे? पक्क्या बांधणीच्या घरात किंवा पत्र्याच्या टपाच्या बंद मोटारीत. एकट्या झाडाखाली नाही, उघड्या मंडपात नाही, कड्याच्या कपारीच्या तोंडाशी नाही, आणि तलावाच्या काठावरही नाही. काहीच जवळ नसेल तर माथ्यावरून खाली, खोलगट जागेकडे उतरावे. एकमेकांपासून दूर दूर राहावे. पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे पडू नये. आणि एक गैरसमज काढून टाका. वीज लागलेल्या माणसाला हात लावल्याने दुसऱ्याला झटका बसत नाही. श्वास बंद पडला असेल तर त्याच क्षणी छाती दाबून मदत सुरू करावी. असे केल्याने माणसे वाचलेली आहेत.

आता या टप्प्याच्या मूळ दुखण्याकडे येतो. ते मला कोणत्या पुस्तकात मिळाले नाही, एका संध्याकाळी टेकडीच्या पायथ्याशी मिळाले.

काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेच्या मुलांकडून अशीच एका टेकडीवरून ज्योत आणवली होती. दोन मुले वर जाणार, पायथ्याशी तिसरा उभा राहणार, तेथून तो धावत पुढच्या गावी जाणार, असे ठरले. निघण्याच्या वेळी एक म्हातारा ढोरकी गुरे घेऊन खाली उतरत होता. तो थांबला आणि मला म्हणाला, "गुरुजी, पोट्ट्यायले वर नका धाडू. वारा पलटून रायला." मी आभाळाकडे पाहिले. एका कोपऱ्यात थोडे काळे होते. मी हसून म्हणालो, "बाबाजी, अर्ध्या तासात येतात खाली." आणि मुलांना धाडले.

वीस मिनिटांत अंधारून आले. वारा, मागोमाग गारा, आणि डोक्यावर गडगडाट. वाटेत अर्ध्यावर देवळामागे एक पक्की खोली होती. मला वाटले, मुले तेथे थांबतील. ती थांबली नाहीत. उघड्या खडकावरून, विजा चमकत असताना, घसरत, पडत ती खाली आली. मशाल केव्हाच विझली होती. एकाचे गुडघे फुटले होते. देवाच्या कृपेने दुसरे काही झाले नाही.

मी रागावलो. "अरे, खोलीत का थांबला नाहीत?" तर मोठा मुलगा म्हणाला, "गुरुजी, खाली हा वाट पाहत होता ना!" मग मी त्या तिसऱ्याकडे वळलो. तो सबंध वेळ एका एकट्या मोहाच्या झाडाखाली उभा होता. "तू तरी गाडीत का नाही येऊन बसलास?" तो म्हणाला, "मी इथून हललो असतो तर मी त्यांना सापडलो नसतो."

मंडळी, या दोन उत्तरांत सगळे आले. एकटा माणूस डोंगरावर गेला आणि आभाळ फिरले तर तो आपल्या जिवाचा विचार करून मागे फिरतो. टप्प्याच्या दौडीत मात्र वरच्याला खालचा ओढतो आणि खालच्याला वरचा खिळवून ठेवतो. दोघेही एकमेकांसाठी धोका पत्करतात. आणि तो पत्करावा असे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मुलांचा यात दोष नव्हता. सोबत्याला दगा द्यायचा नाही, हीच तर आपण त्यांना दिलेली शिकवण! दोष माझा होता. थांबण्याची मोकळीक मी त्यांना निघण्यापूर्वी दिली नव्हती. वर गारा पडत असताना पंधरा वर्षांच्या पोराने ती आपण होऊन घ्यावी, ही अपेक्षाच चुकीची.

म्हणून पहिला नियम असा: थांबण्याचा आणि मागे फिरण्याचा निर्णय पायथ्याशी, आभाळ स्वच्छ असताना, सर्वांसमक्ष ठरवावा. "गडगडाट ऐकू आला की जेथे पक्के छप्पर आहे तेथे थांबायचे. ज्योत उशिरा आली तरी कोणी विचारणार नाही." हे शब्द मोठ्या माणसाने मोठ्याने उच्चारावेत. आणि वर जाणाऱ्यांपैकी ज्याला आधी भीती वाटेल त्याचे ऐकायचे, हेही सांगावे. म्हणजे भित्रा म्हणवून घेण्याची लाज राहत नाही.

दुसरा नियम वेळेचा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८९२ साली डोंगरचालीचा एक हिशेब दिला. तो आपल्या मापात असा मांडता येतो: दर पाच किलोमीटर वाटेला एक तास, आणि त्यावर दर शंभर मीटर चढाला दहा मिनिटे. समजा, वाट अडीच किलोमीटर आणि चढ दीडशे मीटर. वाटेची तीस मिनिटे, चढाची पंधरा. म्हणजे वर जायला पाऊण तास. उतरताना हातात ज्योत, पायाखाली सागाची वाळलेली पाने आणि सुटे दगड. म्हणून उतरायलाही पाऊण तासच धरावा. वर नारळ, पूजा, घोषणा यांना अर्धा तास. झाले दोन तास. आम्ही "अर्ध्या तासात येतात" म्हणालो होतो, ते कशाच्या आधारावर? या हिशेबाने सूर्यास्ताच्या निदान एक तास आधी खाली यायचे ठरवले, तर निघण्याची वेळ आपोआप ठरते.

तिसरा नियम खाली थांबणाऱ्याचा. त्याची जागा छपराखाली असावी आणि ती वर जाणाऱ्यांना आधी दाखवावी. वादळ आले तर तो कोणत्या दुसऱ्या जागी जाईल, तेही ठरवावे. मग झाडाखाली खिळून राहण्याचे कारण उरत नाही.

चौथा नियम संकेताचा. टप्प्याची चाल आपल्या देशात फार जुनी आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दिल्लीला आला होता. त्याने लिहून ठेवले आहे की पायी डाकेचे हरकारे मैलाच्या एकेक तृतीयांशावर उभे असत आणि धावणाऱ्याच्या काठीला तांब्याच्या घंटा असत. घंटांचा आवाज आला की पुढचा कंबर कसून तयार होई. डोळ्यांनी दिसण्यापूर्वी कानाला कळावे, ही त्यातली युक्ती. आपल्या पोरांच्या गळ्यात एकेक शिट्टी बांधावी. "सुखरूप आहोत, थांबलो आहोत" यासाठी आपसांत एखादी साधी खूण ठरवावी. संकटाची एक रूढ खूण अशी: एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. मोबाईल जवळ असावाच, पण डोंगराच्या आड तो मुका होतो.

पाचवा नियम ज्योतीचाच. रानात उघडी मशाल नेऊ नये. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे वणव्याचा हंगाम मानतात. पानगळ झालेली असते, आणि एक ठिणगी उडाली तर सबंध उतार पेटतो. रानात आग लावणे किंवा लागू देणे हा कायद्यानेही गुन्हा आहे. तेव्हा वनखात्याची परवानगी काढावी, ज्योत बंद कंदिलात ठेवून खाली आणावी आणि डांबरी रस्त्यावर आल्यावर मशाल पेटवावी. कंदील वाऱ्यातही टिकतो, हात मोकळा राहतो आणि पोराचे लक्ष पायाखाली राहते. मार्चमध्ये मोह फुलू लागला की पहाटे आणि सांजेला अस्वले फुले खायला येतात. त्या वेळी दोघांनी बोलत, काठी आपटत चालावे.

सामान फार लागत नाही. दोघांना मिळून एक पिशवी पुरे. तीत वाऱ्यापावसाला अडवणारा कपडा किंवा प्लॅस्टिकची घोंगी, एक कोरडा सदरा, पाणी, गूळ-शेंगदाणे, बॅटरी आणि पट्टी बांधायचे फडके असावे. निघण्यापूर्वी रेडिओवरचा हवामानाचा अंदाज ऐकावा. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून जिल्हावार इशारे निघतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे ताबडतोब कृती करा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले 'दामिनी' हे मोबाईलवरचे साधन आसपासच्या विजेची सूचना देते. इशारा नारिंगी किंवा लाल असेल तर गड्यांनी वर जाऊच नये. पायथ्याला ज्योत पेटवावी आणि दौड सुरू करावी. आणि सगळ्या यंत्रांच्या जोडीला, गुरे घेऊन लवकर खाली उतरणाऱ्या माणसाला दोन शब्द विचारावेत. मी विचारले नव्हते. त्याने आपण होऊन सांगितले, तरी ऐकले नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. या विषयाचा वर्गात चांगला पाठ होतो. गावाजवळची एक टेकडी घ्या. वाट किती, चढ किती, वेळ किती, हे गणित मुलांकडून सोडवून घ्या. पावसाळ्यात वर्गाच्या खिडकीतून लकाकी आणि गडगडाट यांतील सेकंद मोजवून घ्या. एक ओले आणि एक कोरडे फडके दोन हातांवर गुंडाळून पंख्याखाली धरायला सांगा. थंडीचे सारे व्याख्यान त्यात होऊन जाईल. आणि शेवटी हा प्रश्न विचारा: "तू खाली उभा आहेस, वर वादळ आहे, तुझा मित्र वर आहे. तू काय करशील?" उत्तरावर मुलांना भांडू द्या. ते भांडण वर्गात झाले म्हणजे टेकडीवर व्हायचे राहत नाही.

त्या दिवशीची आमची ज्योत विझली होती, हे मी सांगितलेच. मग काय झाले? गारा थांबल्यावर म्हाताऱ्या ढोरक्याने आपल्या धोतराच्या कनवटीतून काडेपेटी काढली. काड्या कोरड्या होत्या. त्याने मशाल पुन्हा पेटवून दिली आणि पोरे धावत सुटली. रात्री गावात ज्योतीची मिरवणूक निघाली तेव्हा ती मध्येच विझली होती हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. ज्योत एका काडीने पुन्हा लागते. पोरे सगळी घरी आली पाहिजेत, एवढे आपण पाहावे.